दोन खेपा आणि एक वस्ती : नैतिक पेच कागदावर कसा मांडावा

नव्याने रुजू झालेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी बोलायला मला अधूनमधून बोलावतात. मी निवृत्त झाले तेव्हा या पदाला ग्रामसेवकच म्हणत. ही मुलं-मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून आलेली असतात. न्याय, समता, करुणा, सचोटी या सगळ्यांच्या व्याख्या त्यांना पाठ असतात. पण एप्रिलच्या उन्हात टँकर चौकात येऊन थांबतो, चाळीस बायका हंडे घेऊन धावतात आणि सरपंच कानाशी येऊन म्हणतात, "मॅडम, आज वस्तीचं राहू द्या." तेव्हा यातला कुठला शब्द कुठे लावायचा, हे सुचत नाही. मलाही सुचत नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण-खटावच्या गावांत अठ्ठावीस वर्षं काढल्यावर जी रीत हाताला बसली ती इथे सांगते. डॉक्टर, इंजिनिअर, शाळेचे मुख्याध्यापक, कुणालाही ती वापरता येईल. माझं उदाहरण मात्र पाण्याचंच असणार.

आधी शब्द बाजूला ठेवा, आकडे मांडा

२०१३ चा उन्हाळा. गावात ९६० माणसं, तीन किलोमीटरवरच्या धनगरवस्तीत २४०. टँकर बारा हजार लिटरचा आणि रोज दोन खेपा मंजूर. माणशी रोज २० लिटर असा हिशोब धरला जाई, म्हणजे १,२०० माणसांना २४ हजार लिटर. कागदावर सगळं चोख बसत होतं.

पण वस्तीच्या वाटेवर ओढ्यापाशी चारेकशे मीटरचा तुकडा इतका वाईट होता की भरलेला टँकर तिथून मुंगीच्या पावलांनी जाई. ज्या दिवशी वस्तीवर खेप जायची, त्या दिवशी दुसरी खेप व्हायचीच नाही. ड्रायव्हर खोटं बोलत नव्हता. मी दोन वेळा त्याच्या शेजारी बसून गेले आणि घड्याळ लावून पाहिलं.

आता तीन दिवसांचा हिशोब करा. वस्तीला वगळलं तर सहा खेपा, ७२ हजार लिटर, सगळं गावाला. माणशी रोज २५ लिटर आणि वस्तीला शून्य. तीन दिवसांतून एक दिवस वस्तीला दिला तर पाच खेपा, ६० हजार लिटर. गावाला ४८ हजार, वस्तीला १२ हजार. भागून बघा, दोन्हीकडे माणशी रोज साडेसोळा लिटरच्या थोडं वर येतं. म्हणजे सगळ्यांना सारखं द्यायचं तर बारा हजार लिटर पाणी येतच नाही. वाटणी न्याय्य, पण एकूण पाणी कमी. किंवा एकूण पाणी जास्त, पण वस्ती कोरडी.

पेच इतका उघडा मांडला की निम्मं भांडण थांबतं. तोपर्यंत एकजण "लोकहित" म्हणत असतो, दुसरा "न्याय" म्हणत असतो, आणि दोघांनाही आपल्या शब्दाची किंमत कोण मोजतंय हे दिसत नसतं.

'सारखं' म्हणजे काय, ते चालून बघा

गावाने तिसरा मार्ग सुचवला: सगळं पाणी गावातच टाकीत सोडा, वस्तीवरच्या बायका येऊन नेतील. सहाच्या सहा खेपा होतील, प्रत्येकाला बरोबर २० लिटर. ऐकायला इतकं गोड होतं की मीही क्षणभर भुलले.

मग हिशोब केला. सहा माणसांचं घर, रोज १२० लिटर. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी, दोन्ही मिळून वीस लिटर धरा. सहा फेऱ्या. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. एका बाईला रोज ३६ किलोमीटर चालायचं. कागदावर तिच्या नावे २० लिटर लागणार आणि फार तर दोन फेऱ्या झाल्या तर घरात माणशी जेमतेम सहा-सात पोचणार. मी रिकाम्या हाताने एकदा ती वाट चालले, तर परत येईपर्यंत घशाला कोरड पडली होती.

हे मला नव्याने कळलं असं नाही. आपल्याकडे याचा इतिहास आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तिथे जाईपर्यंत त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. ठरावात तळं खुलं होतं, पायऱ्यांवर नव्हतं. तुमच्या टेबलावर "सर्वांसाठी खुलं" असं लिहिलेला कागद आला की एवढंच विचारा: सगळ्यात दूरच्या, सगळ्यात दबलेल्या माणसाला तिथपर्यंत पोचायला काय पडतं?

आमच्या त्या टँकरच्या गावातही पाण्याची टाकी देवळासमोर ठेवली होती. कुणी कुणाला अडवत नव्हतं. पण बौद्धवाड्यातल्या बायका बाजूला उभ्या राहायच्या आणि बाकीच्यांचं भरून झाल्यावर पुढे यायच्या. तोवर टाकीच्या तळाला गाळ. मी भाषण केलं नाही, टाकी शाळेच्या कंपाउंडला हलवली आणि रांगेचा नियम लावला. आठ-दहा दिवस कुरकुर झाली.

मुरुमाचा प्रश्न वेगळा, नीतीचा वेगळा

बरेच पेच अर्धे नैतिक आणि अर्धे खड्ड्याचे असतात. आमचा तर शब्दशः खड्ड्याचा होता. त्या चारशे मीटरवर मुरूम पडला तर वस्तीची खेप करूनही दुसरी खेप होणार होती आणि सगळा तिढाच सुटणार होता. म्हणून प्रत्येक पेचात विचारा: यातलं काय फावड्याने, पैशाने, वेळ बदलून सुटतं?

पण इथे एक सावधगिरी. रस्ता होईपर्यंत थांबू, असं म्हणून आजचा निर्णय टाळू नका. रस्ता व्हायला आठवडा लागतो आणि तहान संध्याकाळीच लागते. मी दोन कागद केले. एक, आजपासून दर तिसरा दिवस वस्तीचा. दोन, रस्त्याच्या तुकड्यासाठी श्रमदान आणि मुरूम. पहिल्या कागदाने गाव रागावलं, आणि खरं सांगायचं तर त्या रागामुळेच दुसऱ्या कागदाला माणसं मिळाली.

निर्णय सोपा वाटतोय? का, ते शोधा

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण इथे चांगली माणसं घसरतात.

दुसऱ्या एका गावात विहीर अधिग्रहणाचा, म्हणजे टंचाईपुरती खाजगी विहीर गावाच्या पिण्यासाठी ताब्यात घेण्याचा, प्रस्ताव करायचा होता. दोन विहिरी होत्या. एक गावालगत, नवरा गेलेल्या बाईची. तिच्यावर अर्धा एकर कडवळाचा चारा आणि दोन म्हशी. दुसरी एका बागायतदाराची, सहाशे मीटर लांब, तिच्यावर डाळिंबाची बाग. बैठकीत सगळ्यांचं बोट पहिल्या विहिरीकडे. "जवळ आहे, पाईप लागणार नाही, आणि बाई काही बोलणार नाही."

पहिली दोन कारणं विहिरीबद्दलची होती. तिसरं त्या बाईबद्दलचं होतं. कुणी बोलणार नाही हे पाण्याचं माप नव्हे. मी सांगितलं, दोन्ही विहिरींवर मोटर चालवू, किती वेळात उपसते आणि किती वेळात भरते ते लिहू. बाईची विहीर दीड तासात तळाला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही अर्धवटच भरली होती. बागायतदाराच्या विहिरीने सलग पाच तास मोटर चालवून घेतली.

प्रस्ताव दुसऱ्या विहिरीचा गेला. त्याचं नुकसान खरं होतं, ते मी त्याला तोंडावर सांगितलं. बाग जगवण्यापुरतं ठिबकला रात्री दोन तास पाणी ठेवलं आणि ते प्रस्तावातच लिहिलं, तोंडी नाही. फळं त्या हंगामात धरता आली नाहीत, झाडं वाचली. पुढे दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. योग्य निर्णय घेतला की सगळे खूश होतात, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर ते मनातून काढून टाका. ज्याचं काही गेलं त्याला, तुझं गेलं, हे मान्य करायला शिका.

आणि स्वतःच्या सोयीची चौकशी सगळ्यात आधी. मी ज्या घरात भाड्याने राहत होते, त्या घराचं बॅरल टँकरवाला टाकीच्या आधी भरून जायचा. मी मागितलं नव्हतं, पण त्याच बॅरलचं पाणी मी पीत होते. ते बंद केल्याशिवाय रांगेचा नियम कुणाला सांगायची मला सोय नव्हती.

कारण मोठ्याने वाचा, नकार ज्याला मिळणार त्याच्यासमोर

निर्णय झाला की त्याचं कारण चार ओळींत लिहा. मग ज्याच्या विरोधात निर्णय गेला त्याच्यासमोर ते वाचा. वाचताना जीभ जिथे अडखळते, तिथे कारण कच्चं असतं.

ग्रामसभेत मी साडेसोळा लिटरचा हिशोब फळ्यावर मांडला. एका शिक्षकांनी विचारलं, "ज्यांच्या घरी बाळंतीण आहे, त्यांनी काय करायचं?" प्रश्न बरोबर होता. त्याच सभेत आम्ही लिहून घेतलं: बाळंतीण किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या घराला रोज एक हंडा जादा, गावात आणि वस्तीवर दोन्हीकडे. सवलतीचा नियम असा आधी करून ठेवा. चेहरा समोर आल्यावर केलेली सवलत दयेची वाटते, पण ती नेहमी ओळखीच्याच चेहऱ्याला मिळते.

नोंद खोटी करू नका, भल्यासाठीही नाही

२००३ च्या दुष्काळात मी हे केलं होतं. खेपा दोन आल्या आणि मी तीनवर सही केली. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "बिल अडकलं तर उद्यापासून टँकर बंद." मी स्वतःला समजावलं की एका खोट्या सहीने गावाला पाणी मिळतंय. महिनाभर हे चाललं.

मग वस्तीवरच्या एका आजीने मला गाठलं. तिला हे कुठून कळलं, मी विचारलं नाही. ती म्हणाली, "खेप आली न्हाई तरी एकवेळ चालंल मॅडम, पर आली म्हनून लिवू नगा. आमी मागाय गेलो की म्हनत्यात, तुमाला तर मिळालंय."

ती तालुक्याला जाऊन आली होती. तिथे माझ्याच सहीचा कागद तिला दाखवून परत पाठवलं होतं. मी ज्या सहीला मदत समजत होते, तिनेच वस्तीवरच्या बायकांची तहान दप्तरातून पुसली होती. त्या दिवसानंतर खेपेच्या नोंदीवर मी गावातल्या दोन बायकांची सही घेतल्याशिवाय स्वतःची सही केली नाही. न आलेल्या खेपेसमोर "आली नाही" असं लाल शाईने लिहायचे. पुरवठादार ओरडला. टँकर बंद झाला नाही.

हीच रीत धोरणाला लावायची तर

गावाच्या जागी राज्य येतं, एवढाच फरक. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पाणीवाटपाचा क्रम पिण्याचं पाणी, मग उद्योग, मग शेती असा होता. २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली गेली. क्रमाची ती एक ओळ तांत्रिक दिसते, पण टंचाईत कुणाचं आधी तोडायचं याचा तो निवाडा असतो. असा कागद वाचताना माझ्या विहिरीचा प्रश्न विचारा: जो खाली गेला तो कमी गरजेचा म्हणून गेला, की कमी बोलणारा म्हणून?

२०१६ मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी (टाकीचे डबे) होत्या, पाच लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. तेव्हा खूप वाद झाला. मैदानावरचं पाणी वाचून ते लातूरला पोचणार होतं का? नाही. तेवढाच प्रश्न असेल तर निर्णय व्यर्थ ठरतो. पण दुसराही प्रश्न होता: राज्याचा एक भाग रेल्वेच्या पाण्यावर जगत असताना झळ सगळ्यांनी थोडी तरी सोसायची की नाही? मला तो निर्णय पटला होता, आणि त्याने लातूरची टाकी भरणार नाही हेही तेव्हाच दिसत होतं. पाण्याचा प्रश्न आणि झळ वाटून घेण्याचा प्रश्न, दोन्ही वेगळे मांडले तर दोन्हीकडची माणसं एकमेकांचं ऐकू शकतात.

निर्णयावर तारीख टाका

प्रत्येक निर्णयाखाली फेरविचाराची तारीख लिहा. टंचाईतला निर्णय चार दिवसांत शिळा होतो, आणि तारीख नसली की तात्पुरती वाटणी कायमची होऊन बसते. शेवटच्या ओळीत हेही लिहा की काय बदललं तर हा निर्णय तुम्ही मागे घ्याल.

माझ्या कागदावर होतं: "ओढ्याजवळचा रस्ता झाल्यास वस्तीच्या दिवशीही दोन खेपा होतील व पुन्हा माणशी २० लिटरप्रमाणे वाटप करावे. फेरविचार आठ दिवसांनी." सहाव्या दिवशी गावातले तीन ट्रॅक्टर मुरूम टाकायला आले. त्यातला एक, वस्तीला खेप द्यायला ग्रामसभेत सगळ्यात मोठ्याने विरोध केलेल्या माणसाचा होता. आठव्या दिवशी टँकर वस्तीवरून साडेअकराला परतला आणि दुसऱ्या खेपेला गेला. मी जुना कागद काढून त्यावर आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली आणि खेपेच्या नोंदीवर सही करणाऱ्या दोन बायकांच्या सह्या घेतल्या.