एजंटला ओपनएससीएडी समजावताना: माझा अनुभव

ओपनएससीएडीमध्ये (कोड लिहून त्रिमितीय आकार बनवायचं सॉफ्टवेअर) ब्रॅकेट, म्हणजे भोकं असलेला आधाराचा तुकडा, काढायला एआय एजंटला सांगितलं की भोकं हमखास कोपऱ्याकडे सरकायची. कारण साधं आहे. क्यूब (ठोकळा) मुळात शून्यबिंदूवर ठेवलेल्या एका कोपऱ्यापासून सुरू होतो, भोक पाडणारा सिलिंडर मात्र त्याच बिंदूतून जाणाऱ्या अक्षाभोवती उभा राहतो. माणूस चित्र बघून सावरून घेतो. माझ्या एजंटसमोर फक्त मजकूर होता. म्हणून एजंटसाठीच्या टिपणात प्रत्येक आकाराचा आरंभबिंदू, एकक (मिलिमीटर, कारण आकार साठवणारी एसटीएल फाइल एकक सांगतच नाही) आणि चालणारं छोटं उदाहरण लिहिलं. सिलिंडरला १० आणि ५ (उंची आणि त्रिज्या म्हणून) असे नुसते आकडे दिले तर शंकू होतो, कारण वरची त्रिज्या १ धरली जाते! तिथे ‘नाव घालूनच मूल्य द्या’ असं ठळक लिहिलं. भोक आरपार जावं म्हणून सिलिंडर दोन्ही बाजूंना ०.१ मिलिमीटर जास्त लांब ठेवायला सांगितला. आता भोकं जागेवर पडतात.