सरकारी ऑफिसला गाडी भाड्याने लावायचीये? मग टेंडर निघायच्या आधी एवढं करून ठेवा

दर महिन्याला एकतरी फोन ठरलेला असतो, दादा अमुक ऑफिसचं गाडीचं टेंडर निघालंय, परवा लास्ट डेट आहे, भरून देता का. परवा! आणि समोरच्याकडे उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) नाही, डीएससी (ऑनलाइन सही) नाही, गाडीचं फिटनेस मागच्या महिन्यात संपलेलं. माझ्या स्वतःच्या दोन बोलेरो सरकारी कामाला आहेत आणि ओळखीच्या लोकांचे फॉर्मही भरून देतो, त्यावरून सांगतो, आपल्यासारखे एक-दोन गाड्यावाले दरात कमी आणि कागदात जास्त हरतात. म्हणून ही तयारी टेंडर दिसायच्या दोन-तीन महिने आधीची आहे, टेंडर दिसल्यावरची नाही.

सगळ्यात आधी नाव. हसू नका, माझं पहिलं टेंडर नावावरच गेलं. बँकेत फर्मच्या नावापुढे ‘ट्रॅव्हल्स’ होतं, उद्यमवर ‘टूर्स अँड ट्रॅव्हल्स’ आणि शॉप ॲक्टवर ‘ट्रान्सपोर्ट’, आणि पॅनवर अर्थातच माझं स्वतःचं नाव कारण प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्या मालकाची फर्म. तांत्रिक म्हणजे कागदपत्रांचा लिफाफा उघडला, टेबलावरच्या बाईंनी तीन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, यातले तुम्ही नेमके कोण? दराचा लिफाफा उघडलाच नाही. तेव्हा पॅन, आधार, बँक पासबुक, शॉप ॲक्टची पावती, जीएसटी, उद्यम आणि आरसी बुक एका टेबलावर मांडा, फर्मचं नाव आणि तुमचं नाव, दोन्हीचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा, पत्ता पण जुळवा, आणि आधारला जो मोबाईल नंबर लिंक आहे तो चालू आहे ना ते बघा, कारण निम्म्या ठिकाणी ओटीपी त्याच्यावरच येतो आणि आपल्या लोकांचं ते सिम हमखास गावाकडे आईच्या फोनमध्ये असतं.

मग उद्यम. १ जुलै २०२० पासून उद्योग आधारच्या जागी हे आलं, आधार आणि पॅनवर निघतं, सरकारी साइटवर फुकट आहे, त्यामुळे दोन-अडीच हजार मागणाऱ्याला नमस्कार करा. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत सूक्ष्म उद्योग, म्हणजे आपण सगळे त्यात आरामात बसतो. चूक होते ती पुढे, ॲक्टिव्हिटी निवडताना. सायबर कॅफेवाला घाईत ट्रेडिंग टाकून देतो, आणि ट्रेडिंगवाल्याला सरकारी खरेदीतल्या एमएसईच्या (सूक्ष्म-लघु उद्योगांच्या) सवलती मिळत नाहीत. तिथे सर्व्हिस पाहिजे, आणि एनआयसी कोड (कामाच्या प्रकाराचा सरकारी नंबर) ४९ पासून सुरू होणारा, ते जमिनीवरच्या वाहतुकीचे आहेत. ७७ वाला कोड म्हणजे ड्रायव्हरशिवाय गाडी भाड्याने, तो फक्त तसं काम असेल तरच. आणि हे कामाचा करार व्हायच्या आधी काढा, पेमेंट अडकल्यावर उद्यम काढून मागच्या बिलाचं व्याज मागायला गेलात तर तिथून नवीन भांडण सुरू होतं.

आता गाडी कोणाकडे लावायचीये ते ठरवा, कारण सवलती त्यावर आहेत. रेल्वे, इन्कम टॅक्स, ऑर्डनन्स फॅक्टरी, पेट्रोलियम कंपन्या हे केंद्राचं खातं. त्यांना २०१२ चं एमएसई खरेदी धोरण लागू आहे, वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून (आधी २० होतं, २०१८ मध्ये वाढवलं), त्यातच ४ टक्के एससी-एसटी मालकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून. ईएमडी (टेंडरसोबत भरायची अनामत रक्कम) माफ, टेंडर फॉर्म फुकट, आणि सगळ्यात कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर त्याच दराला खाली येऊन काम घ्यायची संधी. हे सेवा आणि मालासाठी आहे बरं का, बांधकामाच्या कामांना नाही. तहसील, झेडपी, पाटबंधारे, महावितरण हे राज्याचं. तिथे खातं आणि टेंडर बदललं की सवलत बदलते, राज्य सरकारच्या खात्यांची खरेदी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातल्या नियमपुस्तिकेवर आणि नंतरच्या बदलांवर चालते, त्यामुळे “माझ्याकडे उद्यम आहे, ईएमडी भरायची गरज नाही” असं धरून बसू नका. त्या टेंडरमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच भरू नका.

एससी-एसटी मालक असाल तर जातीचा दाखला स्कॅन करून तयार ठेवा, पार्टनरशिप असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा एससी-एसटी पार्टनरचा आहे हे डीडमध्ये दिसलं पाहिजे. राष्ट्रीय एससी-एसटी हब एनएसआयसीच्या (केंद्राचं लघु उद्योग महामंडळ) मार्फत चालतं, तिथे टेंडर भरायचं मार्गदर्शन मिळतं, आणि पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळेंनी सुरू केलेल्या डिक्कीचे (दलित उद्योजकांची संघटना) लोक पण विचारलं तर सांगतात. गाडीच घ्यायची असेल तर कर्जाची कुठली योजना चालू आहे ते बँकेत विचारा, एससी-एसटी आणि महिलांसाठी १० लाख ते १ कोटी कर्जाची स्टँड-अप इंडिया होती, पण तिची मुदत २०२५ पर्यंतच होती. बायकोच्या नावावर फर्म करणाऱ्यांना एक सांगणं, डीएससी काढताना व्हिडिओवर तीच बोलणार, बँकेत सही तिचीच, आणि उद्या ऑफिसमधून फोन आला की “ह्यांना विचारून सांगते” असं झालं तर समोरचा काय समजायचं ते समजतो. माझ्या माहितीतल्या एक ताई मात्र स्वतः लॉगबुक तपासतात, बिल स्वतः घेऊन जातात, त्यांचं बिल माझ्या आधी निघतं, खोटं नाही सांगत.

गाडीचे कागद. पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट, कमर्शियल इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी, टॅक्स भरल्याची पावती. पांढऱ्या पाटीची गाडी “चालते हो” म्हणणारे भेटतील, चालते तोपर्यंत चालते, अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारतो. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी, पण टेंडरमध्ये गाडी किती वर्षांच्या आतली पाहिजे ते वेगळं लिहिलेलं असतं, ते आधी बघा नाहीतर सगळा खटाटोप वाया. जीपीएस आणि पॅनिक बटन चालू आहे का तेही बघा, नुसतं बसवलेलं नको. ड्रायव्हरचं लायसन्स आणि पोलिस व्हेरिफिकेशन. बॅजबद्दल (कमर्शियल गाडी चालवायचा ड्रायव्हरचा परवाना) सगळे विचारतात, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की साडेसात हजार किलोच्या आतली कमर्शियल गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालवता येते, बरोबर आहे, पण टेंडरमध्ये बॅज मागितला असेल तर कोर्टाचा निकाल जोडू नका, बॅज जोडा.

डीएससी क्लास थ्री, टोकनसकट, आणि संपायची तारीख फोनमध्ये रिमाइंडर लावून. राज्याच्या टेंडरसाठी महाटेंडर्स पोर्टलवर आणि केंद्रासाठी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन. दोन्हीकडे आत्ताच करा, रिकाम्या वेळात, म्हणजे कुठे काय बटण आहे ते कळतं. जेमच्या बिडमध्ये पहिल्याच पानावर अनुभव आणि टर्नओव्हरमधून एमएसईला सूट आहे की नाही ते येस-नो मध्ये दिलेलं असतं, नवीन माणसाने आधी तेच बघावं, नो असेल आणि तीन वर्षांचा अनुभव मागितला असेल तर वेळ घालवू नका. मग शेवटी बायरने (म्हणजे गाडी मागणाऱ्या ऑफिसने) स्वतःच्या वेगळ्या अटी जोडलेल्या असतात, खरी मेख तिथे. गाडी चोवीस तास मुख्यालयी हवी, दुसरी गाडी दोन तासात बदली द्यायची, वगैरे. ज्याच्याकडे एकच गाडी आहे त्याने ही बदली गाडी कुठून आणणार ते शेजारच्या गाडीवाल्याशी आधी बोलून लेखी घ्यावं.

अनुभवच नसेल तर? एखाद्या मोठ्या ठेकेदाराकडे गाडी अटॅच करून सुरुवात करा, त्यात कमीपणा नाही, पण तो तोंडी कामाला लावतो आणि वर्षभराने तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं. त्याच्याकडून वर्क ऑर्डर घ्या, पैसे बँकेतूनच घ्या. बँक स्टेटमेंट आणि आयटीआर असलं की निदान गाडी कामाला होती हे तरी दाखवता येतं.

आता दर, इथे जरा थांबा. समजा टेंडर महिना २००० किलोमीटरचं आहे, ड्रायव्हर-डिझेलसकट. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. गाडी १४ चं ॲव्हरेज देते, डिझेल ९० धरलं तर साधारण १२,८५० नुसतं डिझेल. ड्रायव्हर १५,०००. हप्ता १४,०००. इन्शुरन्स वर्षाचा ४५,००० म्हणजे महिना ३,७५०. टायर-सर्व्हिसिंग किलोमीटरला दीड रुपया, ३,०००. परमिट, टॅक्स, जीपीएस रिचार्ज मिळून १,०००. झालं? नाही. गाडी घरापासून ऑफिसला जायची आठ किलोमीटर आणि यायची आठ, महिन्याला २६ दिवस, ४१६ किलोमीटर, हे डेड किलोमीटर तुम्हाला कोणी देत नाही, तेच २,६७५ रुपयांचं डिझेल आहे. बेरीज ५२,००० च्या वर जाते आणि यात तुमचा नफा एक रुपया नाही. आणि मग बाजूचा पोरगा ३८,००० भरतो, काम त्याला मिळतं, चौथ्या महिन्यात त्याची गाडी बँकवाला ओढून नेतो. जास्तीच्या किलोमीटरचा दर, नाइट हॉल्ट, टोल-पार्किंग कोणाकडे, डिझेल वाढलं तर दर वाढणार का, हे टेंडरमध्ये नसेल तर प्री-बिडला (टेंडर भरायच्या आधीच्या बैठकीत) लेखी विचारा. लोक लाजतात. विचारलं म्हणून कोणी बाद करत नाही.

भरायच्या दिवशी म्हणजे शेवटच्या दिवशी नाही, दोन दिवस आधी. शुद्धिपत्रक आलंय का ते आधी बघायचं, तारीखच काय कधी कधी गाडीचा प्रकारही बदललेला असतो. महाटेंडर्सवरची बीओक्यूची (दर भरायच्या तक्त्याची) एक्सेल फाइल डाउनलोड केली की तिचं नाव बदलायचं नाही, आत एकही रकाना वाढवायचा नाही, फक्त दिलेल्या जागी दर. ईएमडी एनईएफटीने भरत असाल तर एक दिवस आधी. आणि सगळं अपलोड झालं, हिरवं हिरवं दिसलं की आपण चहाला जातो, तिथेच घात होतो, कारण शेवटी बिड फ्रीझ करायचं बटण असतं आणि ते दाबल्याशिवाय तुमचं टेंडर गेलेलंच नसतं. एकाचं असं झालंय माझ्यासमोर, तो निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेला होता आणि यादीत नावच नाही. फ्रीझ करा, पावतीची प्रिंट काढा, मग चहा.

काम मिळालं की पैसे लगेच येतील असं घरच्यांना सांगू नका. ऑफिसमध्ये बिल मंजूर होतं, मग बजेट नाही, बजेट आलं की बीडीएस (बजेटच्या ऑनलाइन सिस्टीममधली मंजुरी) निघत नाही, बीडीएस निघाली की ट्रेझरीत ऑब्जेक्शन. तीन-चार महिन्यांचं डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार हातात असल्याशिवाय यात उतरू नका, हे मी ओरडून सांगतो तरी कोणी ऐकत नाही. एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांच्या आत पेमेंट व्हायला पाहिजे, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज, आणि एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली की ती थकलेल्या पेमेंटचे वाद बघणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. हत्यार चांगलं आहे, पण त्याच ऑफिसला पुढच्या वर्षी पण गाडी लावायचीये हे लक्षात ठेवून कधी काढायचं ते ठरवा, मी स्वतः अजून काढलेलं नाही. बिलातून इन्कम टॅक्सचा टीडीएस जातो, प्रोप्रायटरला १ टक्का, आणि कॉन्ट्रॅक्ट अडीच लाखांच्या वरचं असेल तर जीएसटीचा २ टक्के टीडीएस वेगळा. तो जीएसटीचा पोर्टलवर जाऊन ॲक्सेप्ट करावा लागतो, मगच कॅश लेजरमध्ये दिसतो, कित्येकांचे पैसे तिथे तसेच पडून आहेत.

लॉगबुक. रोज संध्याकाळी गाडी सोडताना, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, कुठे गेलो, साहेबांची सही. रोज म्हणजे रोज. महिनाअखेरीला एकदम तीस सह्या घ्यायला गेलात आणि साहेब ट्रेनिंगला यशदाला गेलेले असले की पूर्ण महिन्याचं बिल बसलं, आणि फेब्रुवारीचं बिल असं बसलं की ते ३१ मार्च ओलांडून नवीन बजेटची वाट बघत राहतं. टोलच्या पावत्या, फास्टॅगचं स्टेटमेंट त्याच महिन्याच्या बिलाला टाचायचं.

आणि करार संपायच्या आधी महिनाभर दोन अर्ज एकाच दिवशी आवक-जावकला देऊन पोच घ्यायची, एक सुरक्षा अनामत परत मिळण्याचा आणि दुसरा काम समाधानकारक केल्याच्या दाखल्याचा. दाखल्यावर गाडीचा नंबर, कालावधी आणि एकूण बिलाची रक्कम लिहून घ्या, नुसतं “काम चांगले होते” नको. आणि हे त्याच साहेबांकडून, त्यांची बदलीची ऑर्डर यायच्या आत, नवीन साहेब म्हणतात मी तुमची गाडी पाहिलीच नाही.