सेल्फ फिरतोय, पण ट्रॅक्टर धरत नाही? आधी सायलेन्सरकडे बघा

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या अकलूज-माळीनगर पट्ट्यात मिस्त्रीचा फोन पहाटेपासून वाजतो. पलीकडचं वाक्य ठरलेलं : "मिस्त्री, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली, इंजिन काही धरत नाही. पंप गेला वाटतं." पंप, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल देणारा पंप, क्वचितच गेलेला असतो. तरी पुष्कळ जण आधी पंपालाच पाना लावतात आणि दोनशे रुपयांत मिटणारं काम हजारांत नेतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. हे सगळं साध्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल ट्रॅक्टरसाठी आहे.

सुरुवातीला जिवाचं बघा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (अवजारं फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद. जमिनीवर उभं राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फची टोकं कधीही जोडू नका. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो चालू होतो तो थेट तुमच्या अंगावर. अशाने माणसं गेली आहेत. सेल्फ नेहमी सीटवर बसूनच मारायचा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचं.

सेल्फ रडत फिरत असेल तर दोष डिझेलचा नाही. बॅटरीची टोकं खरवडून घट्ट करा, चेसिसला गेलेली अर्थची वायर बघा. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं की ती उष्णताच तयार होत नाही.

सेल्फ जोरात फिरतोय ना? मग एकाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. पुढची दिशा तिथेच कळते.

धूर अजिबात नाही, म्हणजे नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) डिझेल पोचत नाही. दहातल्या बहुतेक गाड्या इथेच सापडतात. इंजिन बंद करायचा नॉब पूर्ण आत गेलाय का, हे नॉबवर नाही, पंपावरच्या लिव्हरवर बघा. केबल गंजली की नॉब आत जातो आणि लिव्हर जागेवरच राहतो. बंद करायला सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) असेल तर चावी फिरवल्यावर पंपाजवळ 'टक' आवाज यायला हवा, नाहीतर फ्यूज बघा. टाकीचा कॉक उघडा आहे का? टाकीचं झाकण काढून बघा, आत हवा ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं बारीक भोक बुजलंय. पावसाळ्यात झाकणाला प्लॅस्टिक बांधून ठेवतात, तेच पुढे नडतं.

यातलं काही नसेल तर हवा धरलीय. डिझेल कमी असताना ट्रॅक्टर बांधावर तिरपा उभा करून ट्रॉली भरली की टाकीचं तोंड उघडं पडतं आणि पाइपात हवा शिरते. ती क्रमानेच काढायची. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हातपंप मारत राहा. आधी फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे पूर्ण थांबले की डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. हातपंपाच्या जागी लिव्हर असेल आणि तो ढिला लागत असेल, तर सेल्फने इंजिन थोडं फिरवा. आतला कॅम सरकला की लिव्हरला जोर येतो. तरीही डिझेल येत नसेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंत कुठेतरी चोक आहे.

शेवटी नोझलच्या बाजूचे पाइपचे नट एकेक आटा सैल करा, अॅक्सिलरेटर पूर्ण ठेवा, सेल्फ मारा. पिचकाऱ्या सुटू लागल्या की नट आवळा. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन नट सैल केले तरी बहुधा काम होतं. हातपंपाचा नॉब परत घट्ट बसवायला विसरू नका, आणि तांब्याची वॉशर चपटी झाली असेल तर बदला. दहा रुपयांची वॉशर वाचवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा धरते.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाही. डिसेंबरच्या गारठ्यात हीटर प्लग असेल तर तो तापू द्या. कच्च्या डिझेलचा वास येतोय आणि इंजिन बरंच झिजलंय, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) तपासून घ्या. रेडिएटरचं पाणी सारखं कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) बघा. फिल्टरच्या खालच्या प्लगमधून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर थोड्याच वेळात तळाला बसतं. आणि नुकताच पंप उतरवून बसवला असेल तर टायमिंग चुकलंय, दुसरीकडे शोधू नका.

काळा धूर म्हणजे हवा कमी. एअर क्लीनर उघडा. उंदरांनी भरलेला भुसा आणि ऑइल बाथमधला (खालच्या तेलाच्या भांड्यातला) घट्ट चिखल, दोन्ही नेहमी निघतात.

एअर क्लीनरच्या तोंडावर पेट्रोलचा बोळा धरून इंजिन चालू करण्याची पद्धत गावोगावी आहे. ती सोडा. पेट्रोल वेळेआधी पेटतं, रिंगा तुटतात, आणि मॅनिफोल्डमध्ये हीटर असेल तर भडका बाहेर येतो. नोझल बाहेर काढून फवारा बघतानाही समोर हात धरू नका. साधारण २०० बार दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. जखम टोचल्याएवढीच दिसते, तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक, फार जास्त दाबाची डिझेल पद्धत) आली. त्या ट्रॅक्टरवर नोझलचे नट सैल करायचेच नाहीत, तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो. तिथे फिल्टरपर्यंतच आपलं काम, पुढे कंपनीचा स्कॅनर.

पंपावर संशय घ्यायचा तो अगदी शेवटी. पंपाच्या तोंडाशी बुडबुड्यांशिवाय डिझेल येतंय, लिव्हर 'चालू'ला आहे, आणि तरी एकाही नटातून पिचकारी नाही, तेव्हाच मायको पंप उतरवायचा. मायको या पंप बनवणाऱ्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, गॅरेजात तो मायकोच आहे. उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या प्लेटवर छिन्नीने एका रेषेत खूण करा, बसवताना त्याच रेषेवर बसवा.