स्विचचं ईईई: कुठल्या पोर्टला ऑन, कुठल्या ऑफ

जळगाव एमआयडीसीत एका डाळमिलचं नेटवर्क बघतो मी. मे महिन्यात रॅकला हात लावला तर चटका बसतो आणि लाईट गेली की सगळा लोड इन्व्हर्टरवर, म्हणून एकेक वॉट वाचावा असं मनापासून वाटतं. त्यासाठीच ईईई, म्हणजे एनर्जी एफिशियंट इथरनेट, २०१० चं ८०२.३एझेड स्टँडर्ड.

डेटा नसला की लिंक झोपते, पॅकेट आलं की उठते. गिगाबिटला झोपायला १८२ मायक्रोसेकंद लागतात, उठायला साधारण १६.५, आणि १५०० बाइटचं पॅकेट जायला १२ च! म्हणजे एकेकटं पॅकेट सारखं येत राहिलं तर सगळा वेळ झोपण्या-उठण्यातच जातो, बचत नाही आणि उशीर दर वेळी. डेटा गठ्ठ्याने येऊन मग बराच वेळ शांतता असेल तरच खरा फायदा.

म्हणून पोर्ट बघून ठरवा भाऊ. प्रिंटर, हिशोबाचे पीसी, रात्रभर नुसते पडून असलेले पोर्ट, तिथे ऑन. एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, त्याच्या पोर्टला सगळ्या कॅमेऱ्यांचा डेटा सतत येतो, तिथे फार काही वाचत नाही. नेटवर्कवरून ऑडिओ किंवा पीटीपी घड्याळ (नेटवर्कवरून उपकरणांची वेळ अगदी अचूक जुळवणारं) चालत असेल तर सरळ ऑफ.

बाकी मायक्रोसेकंदांना घाबरू नका, इंटरनेटचा पिंगच मिलिसेकंदात असतो. खरा त्रास लिंक पडण्याचा. आमच्या वजनकाट्याच्या पीसीची लिंक मधेच दोन-तीन सेकंद जायची, तुरीची गाडी काट्यावर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि स्क्रीनवर वजनच येईना. केबल बदलली, जॅक परत क्रिंप केला, काही नाही. शेवटी त्या पीसीचं ईईई बंद केलं, तेव्हापासून एकदाही नाही.

बंद करायला विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, तिथे एनर्जी एफिशियंट इथरनेट डिसेबल. एका टोकाला केलं तरी पुरतं, कारण दोन्हीकडून हो असेल तरच ते चालतं. लिनक्सवर ईथटूल कमांडच्या शो-ईईईने आधी स्थिती बघा, आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ऐकत असेल तर टीएक्स-टायमर वाढवा, लिंक जरा थांबून झोपते, हा मधला मार्ग मला सगळ्यात आवडतो.

तपासताना लिनक्सवरून हजारभर पिंग मारून मॅक्स, म्हणजे सगळ्यात जास्त लागलेला वेळ, बघा, सरासरीत काही कळत नाही आणि विंडोजचं पिंग १ मिलिसेकंदाखालचं नीट सांगतच नाही. सेटिंग बदलताना लिंक एकदा पडतेच, म्हणून काट्यावर गाडी नसताना करा.