रेकमेंडेशनमध्ये करियर करायचंय? आधी माझी बुडालेली साइट बघा

गावाकडची पोरं हल्ली सारखी विचारायलेत, दादा रेकमेंडेशन सिस्टिम, म्हणजे माणसाची आवड ओळखून त्याला पुढचं काय ते सुचवणारी सिस्टिम, शिकायची तर कोणता कोर्स लावू. कोर्सचं नंतर बघू.

मी २००९ च्या सुमारास नांदेडला इंजिनिअरिंगला होतो, रूमवर नेट नाही, म्हणून कॅफेत तासाला १५ रुपये देऊन बसायचो आणि तिथंच स्टंबलअपॉनचा नाद लागला. आताच्या लेकरांना हे नाव माहीत असायचं कारण नाही. फायरफॉक्समध्ये टूलबार टाकायचा, आपले विषय निवडायचे, बटन दाबलं की नेटवरचं कुठलंतरी पान समोर, आवडलं तर अंगठा वर नाहीतर खाली, की परत बटन. आपल्यासारखेच अंगठे देणाऱ्यांना काय आवडलं त्याचाही हिशोब धरून पुढचं पान यायचं. कॅफेवाल्यानं मशीनला डीप फ्रीझ लावलेलं, म्हणजे रिस्टार्ट झालं की आपण टाकलेलं सगळं पुसून मशीन मूळ स्थितीत, टूलबारही गायब, म्हणजे रोजची पहिली पाच-दहा मिनिटं टूलबार टाकण्यातच जायची, पैसे मात्र पूर्ण तासाचे. पण लॉगिन केलं की माझी आवड जशीच्या तशी हजर. यांनी माझी आवड साठवली कुठं आणि कशी, एवढ्याच प्रश्नापायी मी ह्या लाइनला आलो.

ती साइट २००१ ला कॅनडातल्या कॅलगरीत गॅरेट कॅम्प आणि त्याच्या साथीदारांनी काढलेली. २००७ ला ईबेनं साडेसात कोटी डॉलरला घेतली, आणि २००९ ला मूळ लोकांनीच गुंतवणूकदार गोळा करून परत आणली, गहाण टाकलेलं सोनं सोडवून आणावं तशी. शेवटी २०१८ च्या ३० जूनला बंद. कॅम्प मधल्या काळात उबरच्या स्थापनेतही होता, त्याचं काय अडलं म्हणा. कारणं लोक बरीच सांगतात, मला विचाराल तर सगळा डोलारा टूलबारवर होता, मोबाइल आल्यावर टूलबारला जागाच उरली नाही आणि फेसबुक तर बटन न दाबताच सगळं समोर आणून टाकायला लागलं.

हे सगळं माहीत असून मी २०१५ ला लातूरमध्ये तीच चूक वेगळ्या तऱ्हेनं केली, त्यांचा डोलारा टूलबारवर, माझा स्टारवर. बाहेरगावची पोरं ट्यूशनला येतात, आल्या आल्या पहिला प्रश्न मेस कुठली लावायची. म्हणून मेस सुचवणारी साइट काढली, पोरानं रेटिंग द्यायचं, साइट सांगणार ‘तुझ्यासारख्या पोरांना ही आवडली’. जून-जुलैत लई चालली, पोरं एकमेकाला लिंक पाठवायची, मला वाटलं झालं आपलं काम. पण सिनेमे माणूस शेकड्यानं बघतो म्हणून तिथं आवड जुळवता येते, मेस वर्षात एक नाहीतर दोन. दोन रेटिंगवरनं कुणाची आवड कुणाशी जुळवणार? आतून माझी साइट नुसती सगळ्यात जास्त स्टारवाली मेस वर दाखवत होती, ‘तुझ्यासारख्या पोरांना’ हे शुद्ध थाप होतं.

मग मेसवाल्यांना कळलं. एका मावशींनी रविवारच्या फिस्टला पाच स्टार दिल्याचं मोबाइलवर दाखवणाऱ्याला एक गुलाबजाम जास्त द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या एकानं तर खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, धरायचे असतील तर आधी रेटिंग टाक म्हणून सांगितलं. आठवड्यात सगळ्या मेस साडेचारच्या वर, मग क्रमवारीला अर्थ काय राहिला.

उरलंसुरलं २०१६ च्या उन्हाळ्यानं केलं. पाणीच नव्हतं, एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे पाणी घेऊन यायला लागली हे तुम्हाला आठवत असेल. मेस बंद पडल्या, पोरं गावी गेली. जूनमध्ये नवीन बॅच आली तर माझी साइट एक नंबरला जी मेस दाखवत होती तिथं झेरॉक्सचं दुकान. एका पोराच्या बापानं फोन करून जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही. पैसे तर त्यातनं कधी आलेच नव्हते.

आता शिकायचं म्हणाल तर मूव्हीलेन्सचा सिनेमांच्या रेटिंगचा लहान डेटासेट घ्या, ९४३ लोक, १६८२ सिनेमे, १ लाख रेटिंग, फुकट मिळतो, साध्या लॅपटॉपवर चालतो. त्यावर आधी नुसतं ‘सगळ्यात लोकप्रिय’ काढा, मग आयटम-आयटम (हा सिनेमा आवडलेल्यांना दुसरा कुठला आवडला ह्याचा हिशोब), मग मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन (रेटिंगच्या मोठ्या तक्त्यावरनं प्रत्येक माणूस आणि सिनेमा थोडक्या आकड्यांत मांडायचा). पोरं थेट डीप लर्निंगला हात घालतात आणि लोकप्रियच्या यादीपेक्षा आपलं मॉडेल चांगलं का वाईट हे विचारलं की गप्प. डेटाचे शिकवायचा आणि तपासायचा असे दोन भाग पाडताना तारखेनं पाडा, जुन्यावर शिकवून नव्यावर तपासा, नाहीतर माझ्या झेरॉक्सच्या दुकानासारखं होतं.

पुण्यात पहिल्या इंटरव्ह्यूला मला कोल्ड स्टार्ट विचारलं, म्हणजे ज्याला अजून एकही रेटिंग नाही ते सुचवायचं कसं. मी म्हणलं, सर, जूनमध्ये नवीन मेस उघडते, तिला एकही स्टार नाही, मग दहातल्या एका पोराला ती मुद्दाम वर दाखवायची आणि तो पुढच्या महिन्याचा ॲडव्हान्स भरतो का बघायचं, स्टार बघायचेच नाहीत. ते हसले, आणि मग अर्धा तास खाडे म्हणजे काय ह्यावरच बोलणं झालं. नोकरी लागली.

साइटचा डेटा अजून एका एक्सेल फाइलमध्ये पडून आहे. प्रॅक्टिसला पाहिजे असेल तर नावं-नंबर काढून देतो, पाच स्टारवाल्यांमधल्या सहा मेस आता नाहीत तेवढं धरून चाला.