डिफॉल्ट इम्पोर्ट अडलं, तर तयार झालेली फाइल उघडा

बीएस्सी झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं. कोणत्या मागावर किती माल निघाला, गोदामात किती शिल्लक आहे, हे मालकांना मोबाइलवर दिसायला हवं होतं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणि त्यावर सर्व्हर लिहायचं पॅकेज एक्सप्रेस मला येत होतं; टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइप तपासून जावास्क्रिप्टमध्ये बदलली जाणारी भाषा, नवीन होती. एक्सप्रेस डिफॉल्ट इम्पोर्ट केलं, म्हणजे त्या मॉड्यूलने 'डिफॉल्ट' नावाने दिलेली मुख्य वस्तू मागितली, त्या पहिल्याच ओळीवर हा बदल करणाऱ्या कंपायलरने चूक क्रमांक १२५९ दाखवली: हे मॉड्यूल असं घ्यायचं तर 'ईएसमॉड्यूलइंटरऑप' हा पर्याय चालू हवा.

मी तो सोडून 'अलाउसिंथेटिकडिफॉल्टइम्पोर्ट्स' चालू केला. लाल रेघ गेली, कंपाइल झालं. नोडने फाइल चालवली आणि सर्व्हर पडला: 'एक्सप्रेस_१.डिफॉल्ट' हे फंक्शन नाही. दोन दिवस मी पॅकेजं काढून पुन्हा टाकत बसलो. नवख्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे करू नका. डिस्ट फोल्डरमध्ये तयार झालेली जावास्क्रिप्ट उघडा आणि वाचा. मी तिसऱ्या दिवशी उघडली आणि दहा मिनिटांत उलगडा झाला.

एक्सप्रेस कॉमनजेएस पद्धतीचं, म्हणजे नोडच्या जुन्या मॉड्यूल पद्धतीचं आहे. ते 'मॉड्यूल.एक्सपोर्ट्स'मध्ये थेट एक फंक्शन ठेवतं. त्यात 'डिफॉल्ट' नावाचं काही नसतं. डिफॉल्ट ही २०१५ च्या ईएस मॉड्यूलची, म्हणजे जावास्क्रिप्टच्या प्रमाणित मॉड्यूल पद्धतीची कल्पना. कंपायलरने माझ्या इम्पोर्टचं 'रिक्वायर' (कॉमनजेएसमध्ये मॉड्यूल मागवायची पद्धत) केलं होतं आणि पुढे प्रत्येक ठिकाणी '.डिफॉल्ट' मागितलं होतं. जे नाहीच ते मिळणार कुठून?

हे मला नीट समजलं ते आजीमुळे. आम्ही शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू. आजीला दवाखान्यात नेताना मी दुभाष्या म्हणून सोबत जातो. डॉक्टरांना तेलुगू येत असेल तर मी गप्प बसतो, नसेल तर मध्ये पडतो. ईएसमॉड्यूलइंटरऑप चालू केलं की कंपायलर तयार फाइलमध्ये असाच एक छोटा दुभाष्या घालतो. समोरच्या मॉड्यूलवर '__ईएसमॉड्यूल' ही खूण असेल तर तो ते जसंच्या तसं पुढे देतो; नसेल तर सगळं मॉड्यूल 'डिफॉल्ट' नावाखाली ठेवून देतो. मी निवडलेला पर्याय एकटाच चालू असेल, तर तो फक्त टाइप तपासणाऱ्याला 'डिफॉल्ट आहे असं धर' म्हणून सांगतो. तयार होणाऱ्या कोडमध्ये एक अक्षरही बदलत नाही. तपासणी पास आणि सर्व्हर बंद, ते यामुळे.

टाइपस्क्रिप्टच्या २०१८ मधल्या २.७ आवृत्तीपासून ईएसमॉड्यूलइंटरऑपची सोय आहे. ती चालू केल्यावर आणखी एक गोष्ट समोर येईल. जुन्या फाइलींत कुणी 'इम्पोर्ट स्टार ॲज एक्सप्रेस' लिहून ते फंक्शनसारखं वापरलं असेल, तर आता तिथे चूक दिसेल. ती चूक बरोबर आहे. स्टारने मिळतो तो नेमस्पेस, म्हणजे मॉड्यूलमधल्या सगळ्या नावांचा गठ्ठा, आणि ईएस मॉड्यूलच्या नियमाने तो फंक्शनसारखा बोलावता येत नाही. त्या ओळी डिफॉल्ट इम्पोर्टमध्ये बदलून घ्या. मला अशा अकरा ओळी सापडल्या. एका संध्याकाळचं काम झालं.

गेल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत माझ्या कॉलेजमधल्या एका ज्युनिअरचा फोन आला. "दादा, इंटरऑप ट्रू केलंय, एडिटरमध्ये काहीच चूक नाही, आणि टर्मिनलवर परत १२५९ येतंय."

"कंपायलर चालवताना टीएससीच्या पुढे काय लिहितेस?"

"सर्व्हर डॉट टीएस."

तिथेच अडलं होतं. तिच्याकडच्या आवृत्तीत फाइलचं नाव देऊन टीएससी चालवलं की टीएसकॉन्फिग, म्हणजे हे पर्याय जिथे लिहितात ती फाइल, वाचलीच जात नव्हती. एडिटर मात्र ती वाचत होता, म्हणून दोन्हीकडे वेगळा निकाल. मी तिला नाव काढून नुसतं टीएससी चालवायला सांगितलं, किंवा 'पी' पर्याय देऊन टीएसकॉन्फिगची जागा सांगायला. मग डिस्टमधली फाइल उघडून वरच्या काही ओळी फोनवरच वाचून दाखवायला लावल्या.

"इम्पोर्टडिफॉल्ट नावाचं एक फंक्शन आहे इथं," ती म्हणाली.

"आता चालव."