रस्त्यावरच्या मोटरसायकलऐवजी मिश्र वाटांची गाडी घेताना

घोडबंदर रस्त्यावरून रोज कामाला जायचे आणि सुट्टीला मुरबाडपलीकडच्या कच्च्या वाटाही धरायच्या असतील, तर गाडी बदलताना इंजिनाच्या ताकदीआधी चाके, सस्पेन्शन आणि वजन पाहावे. पुढचे चाक २१ इंचांचे आणि तारांचे असले, तर ते खड्ड्यात कमी अडकते आणि दगडाचा मार बऱ्यापैकी सोसते. हिरोची एक्सपल्स २०० किंवा रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० अशा गाड्यांची सीट साधारण ८२५ मिलिमीटर उंच असते. म्हणून चाचणीसाठी सपाट रस्ता पुरत नाही. चढावर थांबून डावा पाय टेकवावा, उजव्या पायाने ब्रेक दाबून धरावा आणि गाडी डगमगते का ते पाहावे. शिवाय फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहून आपण न वाकता हँडल हाती येते का, हेही तपासावे. माझ्या मते चिखलात एकट्याने उचलता येईल अशी हलकी गाडीच बरी.

जुनी गाडी विकताना मालकी बदलाचे आरटीओचे फॉर्म २९ व ३० भरून नोंदणी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करावी, आणि विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाईचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, नव्या गाडीसाठी आवर्जून मागून घ्यावा.